अहवाल वाचावा मागच्या पानांपासून

धरमपेठेतल्या काही जुन्या घरांच्या आवारात अजून विहीर आहे. उन्हाळ्यात नळ रुसले की तिची आठवण होते आणि घरातले कुणीतरी जाणते माणूस म्हणते, ‘आधी पाणी तपासून घ्या.’ बाटली भरून प्रयोगशाळेत जाते, काही दिवसांनी कागद येतो. आपण त्यातली शेवटची ओळ तेवढी वाचतो: ‘पिण्यास योग्य’. कागद फाइलीत, पाणी माठात!

पण त्या ओळीच्या आधी बरेच काही घडून गेलेले असते. बाटली निर्जंतुक केलेली होती का? पाण्यात क्लोरीन असेल तर ते निष्प्रभ करण्यासाठी बाटलीत आधी थोडे सोडियम थायोसल्फेट घालावे लागते. नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि अहवाल निष्कारण चांगला येतो. नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत तपासला पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जंतू आढळताच कामा नये आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. सांडपाणी झिरपणाऱ्या वस्तीत नायट्रेट हमखास पाहावे, कारण ते बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला बाधते. पण ते मोजलेच नसेल, तर ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की जे तपासले ते ठीक होते.

घरच्या एका पानाला जे लागू, तेच मोठमोठ्या तज्ज्ञ अहवालांनाही. नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. ‘नीरी’ आपल्याच गावातली. १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून ती सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातील कोळसा जाळणाऱ्या २९२ उद्योगांनी नैसर्गिक वायूकडे वळावे अथवा स्थलांतर करावे असा निकाल दिला, तेव्हा ज्या अहवालांचा आधार घेतला त्यांत नीरीचे अहवाल होते. अहवालाच्या एका वाक्यावर किती कारखान्यांची आणि कामगारांच्या किती चुली अवलंबून असतात, ते यावरून समजावे.

याच संस्थेचा भोपाळविषयीचा अनुभव मात्र अधिक बोलका आहे. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात रासायनिक कचरा पडून राहिला. नीरीच्या १९९७ च्या अहवालाने तेथील माती जागोजागी दूषित असल्याचे सांगितले. भूजल मात्र दूषित झालेले नाही, असा निष्कर्ष काढला. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, ग्रीनपीसने आपले नमुने घेतले आणि विहिरींच्या पाण्यात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड यांसारखी रसायने दाखवली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. पुढे २०१० च्या अहवालात खुद्द नीरीनेच सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज मांडला आणि काही ठिकाणी भूजलही दूषित असल्याचे नोंदवले.

यात कोण खरे, कोण खोटे असा पंक्तिप्रपंच करण्याची गरज नाही. दोन अहवाल भिडले की वाचणाऱ्याने मागच्या पानांकडे वळावे. कोणत्या विहिरी निवडल्या? किती खोल? कोणत्या ऋतूत? कोणकोणती रसायने शोधली आणि कोणती शोधलीच नाहीत? ‘पाणी दूषित नाही’ आणि ‘आम्ही घेतलेल्या नमुन्यांत दोष आढळला नाही’ ही दोन वाक्ये कानाला सारखी लागतात. त्यांच्यातल्या फरकाची किंमत हातपंपावर हंडा लावणाऱ्या बाईला मोजावी लागते.

मागची पाने चाळण्याचे आणखी एक कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीचा पर्यावरण अहवाल २००७-०८ च्या सुमारास गाजला. त्यात पक्ष्यांचा अधिवास म्हणून चक्क स्प्रूस आणि बर्च वृक्षांच्या जंगलाचे वर्णन होते! कोकणात आंबा-फणस सोडून ही झाडे आली कुठून? मजकूर रशियातल्या एका खाणीच्या अहवालातून जसाच्या तसा उचललेला होता. ही लबाडी उघडकीला येण्यासाठी रसायनशास्त्राची पदवी लागत नव्हती, आपले रान ओळखणारा माणूस पुरे होता.

असा माणूस अहवालापर्यंत पोहोचावा, अशी सोय कायद्यात आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. खरी मेख इथेच आहे: मराठीत मिळतो तो सारांश, नमुन्यांचे तक्ते राहतात जाडजूड इंग्रजी ग्रंथात. शिवाय पुष्कळ प्रकल्पांच्या अहवालांत मूळ स्थितीची मोजणी पावसाळा सोडून एकाच ऋतूची असते. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या दोन नव्या वीजसंचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. कोराडी धरमपेठेहून काही फार दूर नाही. अशा प्रकल्पाचा अहवाल पुन्हा कधी हाती आला, तर हवा कोणत्या महिन्यांत मोजली आणि तेव्हा वारा कोणत्या दिशेने वाहत होता, हे तक्ते सारांशाच्या आधी उघडावेत. इंग्रजी वाचणारा एखादा नातू शेजारी बसवून घेतला तरी काम भागते.