शीळफाटा परिसरातील नादारी : अर्जाची वाट आणि सार्वजनिक अभिलेखांचा शोध

गोषवारा : कर्ज फेडण्यास असमर्थ ठरलेल्या व्यक्तीस कायद्याने दिलेल्या संरक्षणाची माहिती सर्वसामान्यांस फारशी नसते. प्रस्तुत लेखात शीळफाटा परिसरातील रहिवाशाच्या दृष्टीने नादारीचा अर्ज कोठे व कसा करावा, त्याचे परिणाम कोणते आणि एखादी व्यक्ती वा कंपनी नादार आहे काय हे सार्वजनिक अभिलेखांतून कसे पडताळावे, याचे विवेचन केले आहे.

१. प्रस्तावना

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल या दिशांचे रस्ते एकत्र येतात. येथील माणूस राहतो ठाणे जिल्ह्यात. परंतु त्याचे काम तळोजा औद्योगिक वसाहतीत म्हणजे रायगड जिल्ह्यात, किंवा दुकान मुंबईत असू शकते. गोदामे, वाहतूक, गाळे व नव्या गृहसंकुलांच्या या पट्ट्यात टेम्पोचे, धंद्याचे आणि घराचे कर्ज ही नित्याची बाब होय. हप्ते थकले की ऋणको एका कर्जासाठी दुसरे कर्ज काढतो, क्वचित घर सोडून निघून जातो. ‘दिवाळे काढणे’ या शब्दप्रयोगाला चिकटलेली नामुष्की कायदेशीर मार्गाच्या आड येते. वस्तुतः प्रामाणिक ऋणकोस पुन्हा उभे राहता यावे आणि उरलेली मालमत्ता सर्व धनकोंत न्याय्य रीतीने वाटली जावी, हा नादारीच्या कायद्याचा दुहेरी हेतू आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमात शेतकऱ्यांच्या नादारीविषयी स्वतंत्र प्रकरण होते. पुढे मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा शहरांसाठी १९०९ चा इलाखा शहर नादारी अधिनियम आणि उर्वरित प्रदेशासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम अस्तित्वात आला. मुंबई आणि ठाणे यांच्यातील ही शतकापूर्वीची सीमारेषा शीळफाट्यावरील अर्जदारास आजही ओलांडावी लागते.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हे दोन्ही जुने कायदे रद्द करण्याची तरतूद केली. तथापि व्यक्ती व भागीदारी संस्थांविषयीचा तिचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपनीच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. त्यामुळे पगारदार, दुकानदार वा टेम्पोमालक यांच्यासाठी जुन्या कायद्याची वाट उरते.

३. योग्य न्यायालय कोणते?

कर्ज कोणत्या शाखेतून घेतले यावरून न्यायालय ठरत नाही. १९२० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार ऋणको सामान्यतः जेथे राहतो, व्यवसाय करतो किंवा स्वतः काम करून उपजीविका करतो, तेथील न्यायालयास अधिकार असतो. कलम ३ नुसार हे अधिकार जिल्हा न्यायालयाकडे असून राज्य शासन अधिसूचनेद्वारे दुय्यम न्यायालयांसही ते देऊ शकते. शीळ गाव ठाणे तालुक्यात असल्याने तेथील रहिवाशाने प्रथम ठाणे जिल्हा न्यायालयात चौकशी करावी. तळोज्यात व्यवसाय असणाऱ्यास रायगड जिल्ह्यातील न्यायालयाचा पर्याय उपलब्ध होतो. अर्जापूर्वीच्या एका वर्षात मुंबईत व्यवसाय केला असल्यास १९०९ च्या अधिनियमानुसार मुंबई उच्च न्यायालयात जाता येते.

कंपनीची बाब निराळी आहे. तिचे प्रकरण नोंदणीकृत कार्यालयाच्या ठिकाणानुसार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाते. महाराष्ट्रातील कंपन्यांसाठी मुंबई येथे खंडपीठ आहे. २४ मार्च २०२० पासून त्यासाठी किमान थकबाकी १ लाखावरून १ कोटी रुपये करण्यात आली.

४. अर्ज आणि त्याचे टप्पे

कलम १० नुसार ऋणको कर्ज फेडण्यास असमर्थ असला पाहिजे. त्याखेरीज कर्जाची रक्कम किमान ५०० रुपये असणे, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत त्यास अटक झालेली असणे किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश असणे, यांपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५५ नुसार हुकूमनाम्यापोटी अटक झालेल्या ऋणकोस नादारीचा अर्ज करता येतो, हे न्यायालयाने त्याला सांगावयाचे असते. केवळ पैसे नाहीत म्हणून कोणास तुरुंगात टाकता येणार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता व रक्कम, आपली सर्व मालमत्ता, तिची किंमत व ठिकाण आणि पूर्वी असा अर्ज केला होता काय, हे नमूद करावे लागते. जप्तीयोग्य मालमत्ता व हिशेबाची पुस्तके न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारीही लिहून द्यावी लागते. त्यानंतर धनकोंना सूचना निघते, सुनावणी होते आणि खात्री पटल्यास न्यायालय ऋणकोस नादार ठरवते. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साहाय्य मागावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती अशा साहाय्यास पात्र आहेत.

५. परिणाम आणि मर्यादा

नादार ठरवणारा आदेश होताच मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि धनकोस न्यायालयाच्या परवानगीविना वसुली करता येत नाही. तथापि नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने यांस दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे.

येथे एक मोठा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नादार ठरणे म्हणजे कर्जमुक्त होणे नव्हे. आदेशातच एक मुदत दिलेली असते व त्या मुदतीत मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास आदेश रद्द होऊन धनकोंची वाट पुन्हा मोकळी होते. मालमत्तेतून बिनतारण कर्जाच्या रुपयामागे आठ आणेही वसूल होत नसल्यास, हे आपल्या दोषामुळे घडले नाही असे अर्जदाराने पटवून द्यावे लागते. मुक्ततेनंतरही शासकीय देणी, फसवणुकीतून निर्माण झालेले कर्ज व पोटगी सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही. म्हणूनच भावाच्या किंवा मित्राच्या कर्जास जामीन राहणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

तारण घेतलेल्या धनकोचा हक्क अबाधित राहतो. गृहकर्जाचे घर बँकेकडे गहाण असेल तर नादारीच्या आदेशाने ते वाचत नाही. अर्जापूर्वी दोन वर्षांत नातेवाइकाच्या नावे फुकट केलेले हस्तांतरण रद्द होऊ शकते. मालमत्ता वा हिशेब कपटाने दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. मुक्तता न झालेल्या नादार व्यक्तीस संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ नुसार संसद व विधिमंडळाचे सदस्यत्व मिळत नाही.

६. अभिलेख कोठे शोधावेत?

व्यक्तींच्या नादारीची सर्व माहिती एकत्र देणारी एकच नोंदवही नसल्याने शोध टप्प्याटप्प्याने करावा लागतो.

(अ) न्यायालयीन नोंदी : ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणे जिल्हा व न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ठाऊक असल्यास प्रकरण थेट सापडते. जुन्या प्रकरणांसाठी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून प्रमाणित प्रत मागावी.

(आ) राजपत्र : कलम ३० नुसार नादार ठरवण्याच्या आदेशाची सूचना नाव, पत्ता, दिनांक व मुक्ततेच्या अर्जाची मुदत यांसह राजपत्रात प्रसिद्ध करावयाची असते. आदेश रद्द झाल्यासही सूचना निघते.

(इ) मुंबईतील प्रकरणे : १९०९ च्या अधिनियमाखालील नादारांची मालमत्ता उच्च न्यायालयाच्या ऑफिशियल असायनीकडे जात असल्याने चौकशी त्या कार्यालयात करावी.

(ई) कंपन्या : भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर घोषणा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची सद्यःस्थिती पाहता येते. बांधकाम कंपनीत घर नोंदवणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी हे दोन्ही तपासावे. घोषणेत दिलेल्या मुदतीत आपला दावा दाखल करणे घर खरेदीदाराच्या हिताचे असते.

नोंद सापडली तरी ती जपून वाचावी. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असतात. नावाच्या इंग्रजी लेखनातील एका अक्षराच्या फरकाने नोंद निसटते. अर्ज दाखल होणे, नादार ठरणे, आदेश रद्द होणे आणि मुक्तता मिळणे या चार भिन्न अवस्था होत. पहिली पाहून चौथीकडे दुर्लक्ष केल्यास कर्जातून रीतसर बाहेर पडलेल्या माणसावर अन्याय होतो.

७. निष्कर्ष

१९२० च्या अधिनियमात नोकर-मजुरांच्या थकलेल्या वेतनास अग्रक्रम आहे. परंतु त्याची मर्यादा एकूण २० रुपये आहे. या एका आकड्यावरून कायद्याचे वय ध्यानात येते. २०१६ च्या संहितेत अत्यल्प उत्पन्न व मालमत्ता असणाऱ्यांसाठी ‘नवी सुरुवात’ ही सोपी प्रक्रिया आहे. मात्र त्यासाठी वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा आणि पात्र कर्ज ३५,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे. ती सर्वसामान्यांस खुली झाली, तरी शीळफाट्यावरील थकलेल्या टेम्पोमालकाचे कर्ज या मर्यादेत बसणे कठीण आहे. त्यामुळे संहितेचा तिसरा भाग सर्व व्यक्तींस लागू करताना या मर्यादांचा फेरविचार आणि एकत्रित नोंदवहीची सोय या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. तोवर ऋणकोने मालमत्ता लपवण्यापूर्वी नव्हे, तर तिचा खरा हिशेब मांडून न्यायालयाची पायरी चढावी. कायद्याचे संरक्षण खऱ्या हिशेबालाच मिळते.