दुआही हवी, दवाही हवी

रमजानमध्ये घरोघरी आजाऱ्यांसाठी शिफा मागितली जाते. साखर, रक्तदाब, गुडघेदुखी असेल तर नाव घेऊन मागतात. आजार मनाचा असला की मात्र आवाज खाली येतो. ‘बाहेरचं काहीतरी आहे’ असे म्हणत मानोऱ्यासह साऱ्या वऱ्हाडातली कुटुंबे, हिंदू असोत की मुसलमान, बुलडाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याची वाट धरतात.

तिथे जाण्यात गैर काही नाही. दर्ग्यात थकलेल्या आईला आपल्यासारख्याच चार आया भेटतात, दुःख एकटे राहत नाही. नमाजमधला रुकू-सजदा असो, तसबीहची लय असो, की पोहरादेवीला पायी जाणे. शरीर शांत झाले की मनही सैलावते. श्वास आणि शरीर यांची मदत आजचा मानसोपचारही घेतो. अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने तर हजार वर्षांपूर्वी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. भीती, राग, दुःख आणि पाठ न सोडणारे विचार यांचा त्यात वेगवेगळा विचार केला आहे.

दुआ दवेची जागा घेते, तेव्हा घात होतो. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा जीव गेला.

गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्याने वेगळी वाट दाखवली. तिथे ‘दवा-दुआ’ उपक्रमात मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. मुजावर दुआ करतात आणि मग रुग्णाला आवारातल्याच मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. श्रद्धा तुटत नाही, उपचारही चुकत नाही. ‘डॉक्टरकडे जा’ हे मुजावराने सांगितले की घरच्यांना ते पटते.

साखळी मात्र कुठेच चालणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसारही गुन्हा आहे.

या महिन्यात आणखी एक काळजी घ्यायला हवी. रोजासाठी अनेक जण मनाच्या आजाराच्या गोळ्या परस्पर बंद करतात. त्यामुळे आजार उलटू शकतो. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडले, तर औषधाचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढू शकते. काही गोळ्या सहेरी-इफ्तारच्या वेळेला बसवता येतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

कुणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही चालू असतो. हात दुआसाठी उठतात, त्याच हातांनी हा क्रमांकही लावता येतो.