साहेब नोकर कुणाचे?

काही वर्षांपूर्वी कॅम्पातल्या एका पटांगणात आमचे मराठी-उर्दू कविसंमेलन रंगले होते. माझी पाळी शेवटची. गझलेचे दोन शेर झाले आणि एक हवालदार मंचाजवळ आले. म्हणाले, ''चाचा, दहा वाजले. माइक बंद करा.'' संयोजकांतला एक तरुण उसळला, ''थांबा, महापौरांना फोन लावतो. तुमच्या आयुक्तांचीच बदली करायला सांगतो!'' हवालदार शांतपणे म्हणाले, ''लावा की. पण आमचे साहेब महापालिकेचे नोकर नाहीत.''

उरलेली गझल मी माइकविना म्हटली. घरी जाताना मात्र मनात प्रश्न राहिला. मग साहेब नोकर कुणाचे? मी साधा बी. ए. झालेला माणूस, कायद्याचा अभ्यासक नाही. पण शोधत गेलो, तेव्हा जे समजले ते आपल्याला सांगतो.

श्रोतेहो, पुण्यात आयुक्त दोन. एक महापालिकेचे, दुसरे पोलिसांचे. दोघांनाही राज्य सरकार नेमते, पण पोलीस खाते महापालिकेच्या अखत्यारीत येत नाही. न्यूयॉर्कमध्ये पोलीस आयुक्ताला महापौर नेमतो. आमच्या तरुण मित्राची धमकी तिथे चालली असती, पुण्यात नाही.

पुण्याला पोलीस आयुक्तालय मिळाले ते 1 जुलै 1965 रोजी. त्याआधी शहराचे पोलीस जिल्ह्याच्या अधीक्षकांच्या हाताखाली असत. जमावबंदी, तडीपारी, बंदुकीचा परवाना अशा बाबींत जिल्ह्यात दंडाधिकाऱ्यांचा शब्द चालतो. आयुक्तालयात यातले बरेच अधिकार पोलिसांकडेच येतात. म्हणजे बंदोबस्त करणारा आणि बंदीचा हुकूम काढणारा एकच. एवढी सत्ता ज्याच्या हाती, त्याची नेमणूक कुणी करावी आणि त्याला काढावे कुणी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

हे आयुक्त भारतीय पोलीस सेवेतले, म्हणजे आयपीएस. पुण्याचे पद अतिरिक्त महासंचालक दर्जाचे आहे. या सेवेला राज्यघटनेच्या 312व्या कलमाचा आधार आहे. काही अधिकारी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात, काही राज्य सेवेतून बढतीने. सेवेतली नेमणूक राष्ट्रपतींच्या नावाने होते. पुढे ते महाराष्ट्राच्या केडरमध्ये काम करतात, पगार राज्याच्या तिजोरीतून घेतात, आणि त्यांना कुठे बसवायचे ते राज्याचे गृहखाते ठरवते. राज्य सरकार त्यांना निलंबित करू शकते, पण बडतर्फ करू शकत नाही. तो अधिकार केंद्राचा. त्यातही 311व्या कलमाप्रमाणे चौकशी करून, आरोप सांगून, बाजू मांडायची संधी द्यावी लागते. आमच्या हवालदारांना कलम 311 लागू आहे, पण ते राज्याचे कर्मचारी. त्यांचे नेमणारे आणि काढणारे इथलेच.

असे दोन धनी कशासाठी? ऑक्टोबर 1949 मध्ये घटना समितीत सरदार पटेलांनी याचे उत्तर दिले होते. अधिकाऱ्याला आपले मत निर्भयपणे सांगता आले पाहिजे, आणि तशी हमी नसेल तर देश एकसंध राहणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

पुणेकरांना हे पटायला घाशीराम कोतवाल आठवला तरी पुरे. त्याला नाना फडणविसांनी नेमले. त्याची कोतवाली एका माणसाच्या मर्जीवर उभी होती. 1791 साली त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले, आणि ती मर्जी संपली. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. ना आधी जाब विचारायची सोय, ना नंतर रीतसर चौकशी. नियमांनी बांधलेली सेवा या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी असते.

पण यात एक फट आहे. घटनेने नोकरीला संरक्षण दिले, खुर्चीला नाही. बदली ही कायद्याने शिक्षा नव्हे. नको असलेला अधिकारी बडतर्फ करायची गरजच पडत नाही, त्याला दुसरीकडे पाठवले की झाले. निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह 1996 साली सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांच्या गाऱ्हाण्याचा हाही एक भाग होता. 22 सप्टेंबर 2006 रोजी निकाल लागला: महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षे मुदत द्या, बदल्यांसाठी मंडळ नेमा, तक्रारींसाठी प्राधिकरण काढा. महाराष्ट्राने 2014 मध्ये आपला पोलीस कायदा बदलून सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची केली. मात्र सार्वजनिक हितासाठी मुदतीआधी बदली करायची वाटही त्याच कायद्यात ठेवली आहे. ही वाट किती रुंद होते, यावर नागरिकांनी लक्ष ठेवायला हवे.

लंडनमध्ये आणखी वेगळी तऱ्हा. तिथला पोलीस आयुक्त सनदी नोकरच नाही. त्याचे पद 'कॉन्स्टेबल'च्या जुन्या पदाचेच मोठे रूप मानले जाते. कायद्याची अंमलबजावणी करताना तो कायद्याला बांधील असतो, मंत्र्याच्या हुकमाला नव्हे. आपल्याकडे कागदावर ते नोकर आहेत, पण अपेक्षा आपण तीच ठेवतो.

2023 साली 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक पुढे ढकलली, आणि दिवस सुखरूप पार पडला. अशा वेळी माझ्यासारख्या माणसाला वाटते, बंदोबस्ताच्या खुर्चीवरचा अधिकारी ना गणपती मंडळाचा असावा, ना आमच्या मोहल्ल्याचा, ना कुठल्या पक्षाचा. त्याला 'नाही' म्हणता यावे, आणि 'नाही' म्हटल्याबद्दल त्याची खुर्ची जाऊ नये. त्याचबरोबर तो चुकला तर आपल्याला दाद मागता यावी. एकाच कायद्यात या दोन्ही गोष्टी हव्यात.

त्या रात्री माझी गझल अर्धी राहिली असती तरी चालले असते. नियम दहाचा होता, आणि तो आमच्या मित्राच्या फोनने बदलला नाही, याचे मला आज बरे वाटते. फक्त दहाचा हा काटा प्रत्येक मांडवात त्याच वेळी वाजावा, एवढेच मागणे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)