गाडी उभी राहते तिथे वीज : पालघर-बोईसर पट्ट्यातल्या चार्जिंगचा प्रश्न

विजेच्या वाहनांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "चार्जिंग स्टेशनं आहेत किती?" आज आपण हा प्रश्न थोडा बदलून विचारणार आहोत. पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात गाड्या उभ्या कुठे राहतात, आणि किती तास? आमचं म्हणणं असं आहे की सरकारी धोरणं आतापर्यंत मुख्यतः किलोमीटर मोजत आली. या पट्ट्यात मात्र तास मोजायला हवेत. का, ते क्रमाने बघू.

आधी भूगोल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद हायवे जातो : मनोर, चिल्हार फाटा, चारोटी, तलासरी. पश्चिमेला समुद्र. मधून पश्चिम रेल्वे, आणि एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल. बोईसर स्टेशनवरून हायवे गाठायचा तर पंधरा-वीस किलोमीटर आत जावं लागतं. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लोकल विजेवरच चालते. म्हणजे विरारहून बोईसरला येणारा कामगार धूर न सोडता इथवर पोचतो. धूर सुरू होतो स्टेशनच्या बाहेर : टप्प्याच्या रिक्षा, कंपन्यांच्या बसेस, मोटारसायकली, टेम्पो, टँकर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्राचा निर्देशांक ९३.६९ होता आणि देशात पहिला क्रमांक. त्यात सांडपाणी आणि कारखान्यांची हवा यांचा भाग मोठा. विजेच्या रिक्षा आणल्या म्हणून नाले स्वच्छ होणार नाहीत, हे आधीच सांगतो. पण स्टेशनच्या दारात आणि नाक्यावर जो धूर आपण नाकाने घेतो, तो कमी करणं आपल्या हातात आहे.

आता गंमत बघा. वीज तर इथेच तयार होते. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली १९६९ मध्ये. तिसरी आणि चौथी अणुभट्टी प्रत्येकी ५४० मेगावॉटची. शेजारी डहाणूला ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र. मग विजेची अडचण कसली?

अडचण शेवटच्या टप्प्याची आहे. केंद्रातली वीज उच्च दाबाने ग्रिडला जाते. आपल्या चार्जरला ती मिळते गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून, ज्याला आपण डीपी म्हणतो. समजा ती डीपी १०० केव्हीएची आहे. तिच्यावर घरं, दुकानं, पाण्याचा पंप असा भार आधीच आहे. तिथे ६० किलोवॉटचा एक फास्ट चार्जर बसवला, तर निम्म्याहून जास्त क्षमता तो एकटाच मागेल. ती शिल्लक नसेल तर नवी डीपी आली, केबल आली, जागा आली. चार्जरच्या किमतीची चर्चा सगळे करतात. जोडणीचा खर्च कोणी करायचा, यावर मात्र काम अडून बसतं.

त्याच ६० किलोवॉटमध्ये ३.३ किलोवॉटचे अठरा साधे पॉइंट चालतात. विजेच्या प्रवासी रिक्षाची बॅटरी साधारण आठ युनिटची धरू. साध्या पॉइंटवर ती तीन तासांच्या आसपास भरते. स्कूटरची बॅटरी त्याहून लहान. शिवाय गाडीचा फास्ट चार्जर रिक्षाला किंवा स्कूटरला सहसा लागतही नाही, प्लगच वेगळा. म्हणजे मोठा चार्जर कारसाठी, आणि तोही जिला थांबायला वेळ नाही अशा कारसाठी. ज्या गाडीकडे तीन तास आहेत, तिला साधा पॉइंट पुरतो.

आता सरकारने काय काय केलं ते पाहू. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्याला वीज वितरणाचा परवाना लागत नाही. हा छोटा वाटणारा खुलासा फार महत्त्वाचा. त्यामुळे दुकानदार, हॉटेलवाला, कारखाना, सोसायटी, कोणीही चार्जिंग सुरू करू शकतो. त्याच वर्षाच्या शेवटी मार्गदर्शक तत्त्वं आली : शहरात ३ किलोमीटर बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक स्टेशन, हायवेवर दर २५ किलोमीटरला एक. घरच्या किंवा ऑफिसच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करायलाही नंतरच्या नियमांनी मोकळीक दिली.

पैशाचं म्हणाल, तर २०१९ पासून फेम योजनेचा दुसरा टप्पा, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह. या योजनेचे एकूण १०,९०० कोटी रुपये, त्यातले २,००० कोटी चार्जिंगसाठी.

राज्याचं २०२१ चं धोरण आलं तेव्हा चार्जिंगची उद्दिष्टं मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा मोठ्या शहरांना वाटून दिली होती. महामार्ग निवडले ते मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, मुंबई-नागपूर आणि नाशिक-पुणे. मुंबई-अहमदाबाद त्यात नव्हता. मात्र त्याच धोरणात एक चांगली गोष्ट होती : साध्या चार्जरच्या किमतीच्या ६० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये अनुदान. पुढे २०२५ च्या धोरणाने राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्ट ठेवलं, म्हणजे आपला हायवे आता हिशेबात आला. चार्जिंगच्या कामात राज्याची समन्वयक संस्था महावितरण आहे.

आता हे सगळं नकाशावर ठेवा. हायवेवरचा चार्जर सुरतला निघालेल्या कारच्या कामाचा. बोईसरच्या रिक्षावाल्याने चार्जिंगसाठी चिल्हार फाट्याला जायचं? जाऊन-येऊन तीस-चाळीस किलोमीटर, म्हणजे भरलेल्यातलं बरंचसं परतीतच संपलं. आणि शहरातल्या चौकोनाचा नियम? पालघरला नगरपरिषद आहे. पण बोईसर हे ग्रामपंचायतीच्या कारभारात शहराएवढं वाढलेलं गाव. मोजणी शहराची किंवा हायवेची असेल, तर दोन्हींच्या मधलं असं ठिकाण सुटून जातं. यात कोणाचा वाईट हेतू नाही. मोजपट्टीच तशी आहे.

म्हणून आपण तास मोजू. या पट्ट्यात गाड्या तीन ठिकाणी तासन्‌तास उभ्या असतात.

पहिलं, रिक्षा. टप्प्याच्या रिक्षाची गर्दी लोकल आली की, आणि पाळी सुटली की. मधल्या वेळात रिक्षा स्टँडवर रांगेत असते, रात्री घरासमोर. पैशाचं गणित मांडू. आठ युनिटची बॅटरी भरायला गळतीसह नऊ युनिट लागतात असं धरा. दहा रुपये युनिटने नव्वद रुपये. तेवढ्यात शंभरेक किलोमीटर रिक्षा चालली असं समजू. सीएनजीवर तेवढ्याच अंतराला, किलोमागे तीस किलोमीटर आणि ऐंशी रुपये भाव धरला, तर दोनशे साठ-पासष्ट रुपये. रोजचे पावणेदोनशे रुपये वाचले. पण हीच रिक्षा वीस रुपये युनिटच्या सार्वजनिक चार्जरवर गेली, तर खर्च एकशे ऐंशी. बचत निम्म्यावर आली, वर रांगेत फेऱ्या बुडाल्या. भाव बदलतात, तुम्ही आपले आकडे घालून बघा. मुद्दा तोच निघेल : हप्ता फिटणार की थकणार, हे चार्जर कुठे आहे आणि वीज कोणत्या दराने मिळते यावर ठरतं. आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या चालकाला घरमालक वायर ओढू देईलच असं नाही. म्हणून स्टँडवरचा साधा पॉइंट ही त्याच्यासाठी चैन नाही.

इथे आणखी एक गाठ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने बॅटरीवरच्या व्यावसायिक वाहनांना परमिटमधून सूट दिली. ज्याने परमिटसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली, त्याला स्टँडवर नवी ई-रिक्षा आलेली कशी रुचेल? त्यामुळे पॉइंट बसवताना जुन्या चालकांच्या संघटनेला बरोबर घेतलं पाहिजे. रिक्षा बदलायची संधी आधी त्यांना दिली, तर भांडण कमी होईल.

दुसरं ठिकाण, कारखान्याचं पार्किंग. कामगाराची मोटारसायकल पाळीचे आठ तास आवारात उभी असते. कंपनीची बसही दोन पाळ्यांच्या मध्ये उभीच. एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांकडे स्वतःची उच्च दाबाची जोडणी आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे गल्लीतल्या डीपीची अडचण तिथे नाही. दुसरा फायदा वेळेचा. सौर वीज वाढली तशी भर दिवसा वीज मुबलक असते, आणि ताण संध्याकाळी येतो. दिवसपाळीची गाडी नेमकी उन्हाच्या वेळी आवारात असते. शेडच्या पत्र्यावर सौर पॅनेल असेल तर अजून सोपं. फक्त रासायनिक कारखान्यात ज्वलनशील द्रव्यांपासून अंतर राखून, गेटजवळच्या पार्किंगमध्येच पॉइंट हवेत. समुद्राची आणि रसायनांची हवा प्लग खाते, तेव्हा झाकण, अर्थिंग आणि नियमित तपासणी ही कामं पहिल्या दिवसापासून.

तिसरं, माल. टेम्पो गोडाऊनला माल भरताना उभा असतो, तिथे मध्यम क्षमतेचा चार्जर चालेल. मोठ्या ट्रकचं गणित वेगळं, त्याला मोठीच जोडणी लागते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ७६,००० कोटींच्या वरचा प्रकल्प. बंदराला स्थानिक मच्छीमारांचा आणि गावांचा विरोध आहे, तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा. पण बंदर झालं तर कंटेनरचे ट्रक येणार. त्यांच्या तळांवर उपकेंद्र आणि चार्जिंगची जागा आराखड्यातच धरायला हवी. नंतर जागा शोधणं महाग पडतं.

आता श्रोत्यांचे दोन प्रश्न घेऊ.

"वीज कोळशाचीच, मग फायदा काय?" प्रश्न रास्त आहे. ग्रिडमध्ये कोळशाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे 'शून्य उत्सर्जन' हा शब्द गाडीपुरताच खरा. पण विजेची मोटर इंजिनापेक्षा ऊर्जा फार कमी वाया घालवते, आणि ग्रिडमध्ये सौर, जल, अणुऊर्जा जितकी वाढेल तितकी तीच गाडी अधिक स्वच्छ होत जाते. डिझेलची गाडी जुनी होईल तशी जास्तच धुरकट होते.

"पावसात वीज जाते, तेव्हा?" म्हणूनच एका मोठ्या चार्जरवर विसंबण्यापेक्षा वेगवेगळ्या फीडरवर विखुरलेले साधे पॉइंट बरे. एक भाग बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

तर करायचं काय? ग्रामसभेत, नगरपरिषदेत, रिक्षा संघटनेत आणि कारखानदारांच्या बैठकीत तीन गोष्टी मागा. स्टेशनजवळच्या डीपींवर किती भार शिल्लक आहे, ते महावितरणने जाहीर करावं. नवीन जोडणीचा खर्च कोणाचा, हे चार्जरच्या मंजुरीबरोबरच लेखी ठरावं. आणि कोळगावचं जिल्हा मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावरच आहे, तिथल्या पार्किंगपासून सरकारने स्वतः सुरुवात करावी. स्टेशनं किती झाली हा आकडा कागदावर येतच राहील. आपल्या स्टँडवर, आपल्या गेटवर किती पॉइंट चालू आहेत, तेवढं आपण मोजत राहू.