प्रकाशात प्रकाश मिसळला की अंधारही होतो!

लेझर पॉइंटरच्या तोंडावर एक केस उभा ताणून चिकटवा, खोलीत काळोख करा आणि झोत दोन मीटरवरच्या भिंतीवर टाका. एका ठिपक्याऐवजी आडवी, मधे मधे तुटलेली लाल रेघ दिसेल. (झोत कुणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.)

थॉमस यंगने १८०३ साली रॉयल सोसायटीपुढे असाच प्रयोग मांडला. खिडकीच्या बारीक भोकातून येणाऱ्या उन्हात त्याने कागदाची अरुंद पट्टी धरली, तर सावलीत पट्टे उमटले. पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवला की ते गायब!

पाठ्यपुस्तकातल्या दोन फटींमागेही हेच तत्त्व आहे. भिंतीवरच्या एखाद्या बिंदूपर्यंत दोन्ही फटींपासूनच्या अंतरांत पूर्ण तरंगलांबीचा फरक असेल तर उजेड, अर्ध्या तरंगलांबीचा असेल तर काळोख. सूत्र पाठ करण्याआधी एवढं डोक्यात बसलं पाहिजे. मग हिशेब सोपा: पट्ट्यांमधलं अंतर = तरंगलांबी × पडद्याचं अंतर ÷ फटींमधलं अंतर. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर, ०.२५ मिलिमीटरवरच्या फटी, दोन मीटरवर पडदा: उत्तर ५.२ मिलिमीटर. साध्या पट्टीने मोजता येतं! फटी जवळ आणल्या की पट्टे उलट लांब जातात. इथे बरेच जण अडखळतात.

आणि काळ्या पट्ट्यातली ऊर्जा नष्ट होते का? छे! उजळ पट्ट्याच्या मध्यावर तीव्रता एका फटीच्या दुप्पट नाही, चौपट असते. सरासरी काढा, बरोब्बर दुप्पट भरते.