अर्ध्या डॉलरची हॅट

दारिद्र्य आणि नटण्याची हौस एकत्र नांदू शकत नाहीत, अशी सुखवस्तू समाजाची एक जुनी समजूत आहे. ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे, त्याच्या अंगावर नवे वस्त्र दिसले की प्रथम त्याच्या दारिद्र्याविषयी शंका घेतली जाते. आणि दारिद्र्य खरे ठरलेच, तर त्याच्या शहाणपणाविषयी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमधील तयार कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलींना या दोन्ही शंकांना तोंड द्यावे लागले. त्यांच्यापैकीच एक असलेल्या क्लारा लेमलिच या तरुणीने १९०९ साली एका वृत्तपत्रात आपल्या सोबतिणींची कैफियत मांडली. तीत वेतनाचा प्रश्न होता, कामाच्या तासांचा होता, मुकादमांच्या अरेरावीचा होता. आणि हॅटचाही होता. कारखान्यात हॅट-कोट ठेवायला वेगळी खोली नसे. भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली नवी हॅट तेथे हमखास खराब होई. या हॅटची किंमत पन्नास सेंटांहून अधिक नसे. पण तेवढ्यासाठी त्या मुलीने कित्येक आठवडे दुपारी दोन सेंटांच्या कोरड्या केकवर भूक भागवलेली असे.

पोट मारून हॅट घेणारी ही मुलगी अविचारी होती काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर त्या काळच्या अमेरिकेतील वस्त्रव्यवहाराकडेच पाहावे लागते.

१९०७ या एका वर्षात न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरून दहा लाखांहून अधिक लोक अमेरिकेत दाखल झाले. रशियन साम्राज्यातील छळाला कंटाळलेले ज्यू आणि दक्षिण इटलीतील भूमिहीन शेतकरी त्यांत मोठ्या संख्येने होते. डोक्यावर शाल किंवा रुमाल गुंडाळून बोटीतून उतरणाऱ्या या बायकांना पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट उमगे. नव्या देशाची भाषा यायला वर्षे लागतात. पण त्या देशाचा वेष एका दिवसात अंगावर चढवता येतो. शाल म्हणजे जुना देश आणि हॅट म्हणजे नवा देश, असे समीकरणच रूढ झाले होते. शाल पांघरून कामाच्या शोधात निघालेली मुलगी म्हणजे कोणीही फसवावी अशी नवखी, हे दुकानदारापासून मुकादमापर्यंत सर्वांना दुरूनच कळे.

याच सुमारास अमेरिकन स्त्रीच्या वेषातही एक शांत क्रांती घडत होती. शर्टवेस्ट हे तिचे चिन्ह होय. पुरुषाच्या सदऱ्यासारखी कॉलर, कफ आणि समोर गुंड्या असलेले हे सुती पोलके साध्या झग्यावर घातले जाई. एक झगा आणि दोन-तीन पोलकी एवढ्यावर आठवडा निभावे. शिवाय ती घरी धुता येत. चार्ल्स डेना गिब्सन या चित्रकाराने रेखाटलेल्या ताठ मानेच्या, आत्मविश्वासू तरुणीने या वेषाला प्रतिष्ठा मिळवून दिली. टंकलेखनिका, दुकानातील विक्रेत्या, शिक्षिका यांचा तो जणू गणवेषच ठरला. ठराविक मापांचे तयार कपडे स्वस्त होऊन मोठ्या दुकानांतून विकले जाऊ लागले आणि सीअर्स-रोबक कंपनीच्या जाडजूड सूचिपत्रामुळे टपालाने दूरच्या शेतावरही पोहोचले. परिणामी, पूर्वी वस्त्रावरून शंभर पावलांवरून ओळखू येणारा वर्गभेद ओळखण्यासाठी आता अगदी जवळ जावे लागू लागले.

अर्थशास्त्राला हा विषय अपरिचित नव्हता. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची संकल्पना मांडली. धनिकांचे कपडे हे मुख्यतः आपल्याला श्रम करावे लागत नाहीत हे जगाला सांगण्यासाठी असतात, आणि खालचे वर्ग ऐपतीबाहेर जाऊन त्यांचे अनुकरण करतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु शर्टवेस्टच्या बाबतीत हे विवेचन अपुरे पडते. कारण तो श्रम न करणारीचा नव्हे, तर कामावर जाणारीचाच वेष होता. येथे व्हेब्लेन यांच्यापेक्षा अॅडम स्मिथ अधिक उपयोगी पडतात. लिननचा सदरा ही जगण्यासाठी आवश्यक वस्तू नव्हे. तथापि आपल्या काळी प्रतिष्ठित मजुराला त्यावाचून चारचौघांत जायला लाज वाटेल, म्हणून तो सदरा जीवनावश्यकच मानला पाहिजे, असे त्यांनी १७७६ सालीच सांगून ठेवले होते. चारचौघांत मान खाली न घालता वावरता येणे ही चैन नसून गरज आहे, हा त्या विवेचनाचा मथितार्थ. अर्ध्या डॉलरची हॅट ही याच अर्थाने गरज होती.

दैवदुर्विलास असा, की ज्या वस्त्राने लाखो स्त्रियांना मोकळेपणा दिला, ते शिवणाऱ्या मुलींच्या वाट्याला मात्र कोंडवाडा आला. आठवड्याला पन्नासहून अधिक तास काम आणि सात ते बारा डॉलर वेतन. शिकाऊ मुलींना त्याहूनही कमी. त्यातूनही सुया आणि दोरा यांचे पैसे कापून घेतले जात. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियनच्या सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालू असताना क्लारा लेमलिचने व्यासपीठ गाठले आणि यिडिश भाषेतून सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. वीस हजारांवर कामगार संपावर गेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. थंडीवाऱ्यात कारखान्यांसमोर निदर्शने करताना त्या आपले ठेवणीतले कपडे आणि हॅट घालून येत. काही बातमीदारांना याचेच नवल वाटले. या मुली उपाशी दिसत नाहीत, मग यांची तक्रार काय, असा त्यांचा सूर होता. फाटक्या वस्त्रांत आल्या असत्या, तर त्यांना दया मिळाली असती; पण त्या दया मागायला आल्याच नव्हत्या.

१९१० च्या फेब्रुवारीत संप संपला. अनेक कारखानदारांनी करार केले. ट्रायँगल कंपनीने मात्र कामगार संघटनेला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी सायंकाळी पावणेपाचच्या सुमारास, याच कंपनीच्या आठव्या मजल्यावर कातरणाच्या ढिगाला आग लागली. काम सुटण्याची वेळ झाली होती. मुली कोट आणि हॅट घेण्यासाठी उठत होत्या. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. जाताना सर्वांनी एकाच दारातून जावे आणि चोरीच्या संशयाने त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात, अशी तेथील पद्धत होती. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचली. अनेकींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. अर्ध्या तासाच्या आत १४६ जीव गेले. त्यांत १२३ स्त्रिया आणि मुली होत्या.

मालकांवर खटला झाला. दार बंद असल्याचे त्यांना त्या क्षणी ठाऊक होते, हे सिद्ध न झाल्याने डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले. पुढे १९१४ साली दिवाणी दाव्यांत तडजोड झाली, ती एका जिवामागे ७५ डॉलर या दराने. म्हणजे दीड ते अडीच महिन्यांचे वेतन! ज्या समाजाला अर्ध्या डॉलरची हॅट उधळपट्टी वाटत होती, त्या समाजाने ती हॅट घालणारीचे मोल एवढेच ठरवले.

मात्र ही राख अगदीच वाया गेली नाही. न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि पुढील काही वर्षांत दारे, जिने, आगीपासून संरक्षण, कामाचे तास यांविषयी अनेक कायदे केले. त्या सायंकाळी रस्त्यावर उभ्या राहून ते दृश्य पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ साली अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. त्या देशाच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला होत.

या आगीनंतर दोनच वर्षांनी, १९१३ साली, बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन एक मराठी विद्यार्थी याच शहरातील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकण्यासाठी आला. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या वेळी त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांपुढे भाषण केले. वरिष्ठ म्हणवणाऱ्या जातींतील स्त्रिया नेसतात तसेच लुगडे नेसा. वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, असे त्यांनी सांगितले. न्यूयॉर्कमधील मुलींची हॅट आणि महाडमधील लुगडे यांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु दोन्हींमागचे सत्य एकच आहे. ज्यांची पायरी त्यांच्या वस्त्रावरूनच ठरवली जात होती, त्यांनी वस्त्र बदलणे हा नखरा नसतो. ती पायरी नाकारण्याचा तो पहिला उच्चार असतो.

गरिबाने काय नेसावे हे ठरवण्याची सवय सुखवस्तू समाजाला फार जुनी आहे. कामावर येणाऱ्या मुलीच्या अंगावरील साडी किंवा फीमाफीचा अर्ज घेऊन आलेल्या विद्यार्थ्याच्या पायांतील बूट पाहून भुवया उंचावणारे आजही कमी नाहीत. अशा वेळी न्यूयॉर्कच्या त्या कारखान्यातील खुंट्यांचे स्मरण व्हावे. अर्ध्या डॉलरच्या हॅटचा हिशेब त्या शहराने चोख मागितला. बंद दाराचा हिशेब मागण्यासाठी मात्र १४६ चितांची वाट पाहावी लागली.