लसवाले येती दारा...

मैत्रिणींनो, बाळाच्या लसीचं कार्ड आपण किती जपतो! कपाटात, साडीच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पोलिओचा रविवार तर अख्ख्या घराला पाठ असतो. पण गोठ्यातल्या गाईला शेवटची सुई कधी टोचली असं विचारलं, की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं, ‘‘ते ह्यांनाच ठाऊक.’’ ‘ह्यांना’ विचारावं तर म्हणतात, ‘‘आली होती मागं माणसं. मी रानात होतो.’’

बचत गटाच्या कामानिमित्त मी आजूबाजूच्या खेड्यांत जाते. दुधावर हप्ते फेडणाऱ्या बायका आमच्या गटांत बऱ्याच. म्हणून हिशेबाच्या वह्या झाल्या की मी लसीचा विषय काढते. सुरुवातीला सगळ्या हसल्या. ‘‘ताई, पोरांचं झालं, आता ढोरांचं पण का?’’

हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. लस नको म्हणण्यामागे एक जुनं कारण असतं, ‘‘दूध आटतंय.’’ ते अगदीच खोटं नाही. सुई टोचल्यावर एखादा दिवस कणकण येते, मानेवर गाठ येते, दोन-चार दिवस दूध थोडं उतरतं. मग पुन्हा पहिल्यासारखं होतं. पण लाळ्या खुरकूत आली तर? जिभेवर फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, तोंडातून लाळेच्या तारा. गाय वैरणीला तोंड लावत नाही. गाभण असेल तर गाभडते. लहान वासरं तर कधी कधी उभ्या उभ्या दगावतात, कारण हा विषाणू त्यांच्या हृदयावर घाव घालतो. बरी झालेली गाय पुष्कळदा पहिल्या दुधावर येत नाही आणि उन्हाळा लागला की धापा टाकत बसते. आमच्या एका गटातल्या वहिनींनी हा हिशेब बोटांवर मांडला. चार दिवसांचं थोडं दूध एकीकडे, वेताचं वेत दुसरीकडे! सासूबाई म्हणाल्या, ‘‘असं आधी कोण सांगतंय?’’

केंद्र सरकारचा जनावरांच्या रोगनियंत्रणाचा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्यात लाळ्या खुरकुताची लस मोफत मिळते. ती दर सहा महिन्यांनी घ्यायची असते. वासराला चौथ्या महिन्यात पहिली आणि महिन्याभराने दुसरी. घटसर्प आणि फऱ्याची लस वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर. पहिला पाऊस पडून गेल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, कारण अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लम्पीचं तर आपण पाहिलंच आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरुवात झाली आणि पुढे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचून साथ आवरली.

आता मुद्द्याचं. लस टोचायला माणूस दारात येतो तेव्हा त्याला माहिती लागते. कोणती गाय कितव्या महिन्यात गाभण आहे, कोणती कालपासून रवंथ करत नाही, कोणाला ताप आहे. आजारी जनावराला सुई टोचत नाहीत आणि भरत आलेल्या गाईचं डॉक्टर वेगळं ठरवतात. हे सगळं कोणाला माहीत असतं? धार काढणारीला! आणि नेमकी तीच त्या वेळी दाराआड उभी असते.

जनावर धरण्याचंही तसंच. दोन-चार गडी काठ्या घेऊन, आरडाओरडा करत गाईला कोपऱ्यात रेटतात. मग ती उधळणार नाही तर काय? गाईला दोन्ही बाजूंचं दिसतं, पण थेट मागचं दिसत नाही. मागून हात लावला की दचकते आणि लाथ झाडते, तीही पुढे आणि बाजूला. म्हणून उभं राहावं खांद्याजवळ. दावं आखूड बांधावं, कुत्रं लांब ठेवावं, सकाळच्या गारव्यात काम उरकावं. वासरू आईच्या नजरेसमोर राहू द्यावं. शांत गाय आधी घ्यावी, बाकीच्या तिच्याकडे बघून निवतात. मारक्या जनावराला दवाखान्याच्या खोड्यातच न्यावं, उगाच मर्दुमकी नको. एका वस्तीवर कोणाला न आवरणारी म्हैस घरच्या मावशींनी नुसती ‘हो बाई, हो’ म्हणत पोळी चारून उभी केली. लसवाले भाऊ म्हणाले, ‘‘दर फेरीला तुम्हीच या.’’

दोन गोष्टी बिनधास्त विचाराव्यात. लस बर्फाच्या पेटीत आहे ना? दोन ते आठ अंशांत ठेवलेली नसेल तर तिच्यातला दम जातो. आणि प्रत्येक जनावराला नवी सुई आहे ना? विचारण्यात कसला आलाय उद्धटपणा?

एका लसीबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण ती आपल्याही जिवाशी निगडित आहे. ब्रुसेलोसिस, म्हणजे संसर्गजन्य गर्भपात. गाय गाभडली की वार आणि मेलेलं वासरू उचलायचं काम कोण करतं, सांगायला नकोच. उघड्या हातांनी, पदर खोचून! हा रोग त्या घाणीतून आणि कच्च्या दुधातून माणसाला होतो. ताप येतो-जातो, सांधे दुखतात, घाम फुटतो, आणि बाई बिचारी ‘अंगावर काढते’. त्याची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच. ती जिवंत जंतूंची असते, म्हणून टोचणाऱ्याच्या हाती हातमोजे हवेतच आणि आपण हौसेने हात लावायचा नाही. गाय गाभडली तर हातमोजे घालावेत, नसतील तर जाड पिशव्या हातांत बांधाव्यात. घाण खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, दवाखान्याला कळवावं. १९६२ या नंबरवर फोन करता येतो. आणि अशा तापात डॉक्टरांकडे गेलात तर घरात जनावरं आहेत हे आपण होऊन सांगा.

२०२४ च्या १ जूनपासून आपल्या राज्यात कानात बिल्ला नसलेलं जनावर बाजारात नेता येत नाही. त्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात आणि नोंदीत मालकाचं नाव, मोबाइल नंबर. आमच्या गटातल्या तिघींनी बिल्ले मारताना नवऱ्याचा न देता स्वतःचा नंबर दिला. पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी फोन त्यांनाच आला. दोघींनी त्या दिवशी जनावरं चरायला सोडली नाहीत, सकाळी आठलाच लस उरकली. तिसरीच्या घरी मात्र ‘बाईचा नंबर कशाला?’ म्हणून सासऱ्यांनी तो आधीच बदलून घेतला होता. फोन त्यांच्या बंद मोबाइलवर गेला. त्यांच्या दोन कालवडी अजून बाकी आहेत. येत्या सोमवारी आम्ही दोघी त्यांना घेऊन दवाखान्यात जाणार आहोत.